डाळीतली हल्ली

केंद्राचं नाव मोठं गोड होतं. इथं सांगत नाही, उगाच चांगल्या शब्दाची बदनामी नको. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, एवढं म्हटलं तरी पुरे. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या एका टोकाला बंद पडलेल्या कारखान्याचं पत्र्याचं गोदाम होतं. त्याला बाहेरून निळा रंग फासला, दारावर हसऱ्या बायकांचा फ्लेक्स ताणला, आणि आत बेरोजगार बायकांना कुशल करायचं काम सुरू झालं.

शिवबाई तिथं हौसेनं गेली नव्हती. टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालण्यात आणि गठ्ठे बांधण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. मालकानं माग भंगारात घातले आणि एका संध्याकाळी सगळ्यांना घरी पाठवलं. तिचा नवरा चनबसप्पा आधीच घरी होता. मागावर राबता राबता त्याची नजर अधू झाली होती. आता चूल पेटायची ती शिवबाईच्याच हातावर. शाळेचे गणवेश शिवणारा एक नवा कारखाना जवळच उघडत होता आणि तिथं बायका लागणार होत्या. पण त्यांनी साफ सांगितलं होतं, केंद्राचा कोर्स पुरा केलेली बाईच घेणार. हजेरीचा अंगठा चुकला की सर्टिफिकेट नाही आणि सर्टिफिकेट नाही तर काम नाही. म्हणून शिवबाई रोज सकाळी मुकाट्यानं अंगठा लावत होती.

तिला खरंच शिकायचं होतं, हे सांगायला हवं. घड्या घालणाऱ्या बाईला विजेच्या मशीनवर बसायची केवढी ओढ असते, ते घड्या घातल्याशिवाय कळत नाही. पण केंद्रातल्या निम्म्या मशीनना पट्टा नव्हता आणि उरलेल्यांना विजेची जोडणी नव्हती. मास्तरीण यायची, भिंतीवरच्या तक्त्यावरचे मशीनचे भाग मोठ्यानं म्हणून घ्यायची आणि फोन कानाला लावून बाहेर सावलीत जायची. वर पत्रा तापलेला, पंखा गरम हवा ढवळतोय, आणि खाली पोराबाळांच्या आया शाळकरी मुलींसारख्या "हे चाक, ही सुई" म्हणत बसलेल्या. बघणाऱ्याला लाज वाटावी असा तो प्रकार होता.

पण लाजेची खरी जागा मागच्या बाजूला होती. संडास एकच, दाराला कडी नाही, आत नळ होता पण नळाला पाणी कधी आलं नाही. एक बाई आत गेली की दुसरी बाहेरून दार ओढून धरायची. नाकाला पदर लावायचा, पायाखाली बघायचं नाही, श्वास कोंडायचा आणि जमेल तेवढ्या लवकर बाहेर पडायचं. बाहेर आल्यावरही तो वास पदराला चिकटून घरापर्यंत यायचा. करकंबची केराबाई लेकीकडं राहायला सोलापुरात आली होती, ती पहिल्याच दिवशी बाहेर येऊन थुंकली आणि म्हणाली, "आमच्या गोठ्यातबी असली घान न्हाय बया. जनावरंबी हितं पाय ठेवायची न्हाईत."

मग बायकांनी आपला उपाय काढला. कोपऱ्यात पिण्याचा माठ भरलेला असे, तरी त्यांनी पाणी पिणंच सोडलं. सोलापूरचा उन्हाळा, डोक्यावर पत्रा, आणि या बायका तहान लागली की त्या दाराकडं बघायच्या आणि तहान मारायच्या. शिवबाईला लघवीला आग होऊ लागली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, पाणी भरपूर प्या. ती "व्हय" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी तशीच कोरडी बसून राहिली.

आणि केंद्राचे मॅनेजर? अभिमन्यू सर मोडनिंबचे, इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा वास. त्यांच्या केबिनला कूलर होता आणि केबिनच्या आत एक फरशी घातलेला, पाण्याचा, साबणाचा संडास होता. त्याला कुलूप असे आणि किल्ली सरांच्या पॅन्टच्या पट्ट्याला लटकत असे. सर चालायला लागले की ती किल्ली वाजायची. त्या आवाजानं बायकांच्या ओटीपोटात कळ यायची.

दुपारचं जेवण केंद्राचं होतं. घरून डबा आणायला बंदी, कारण बायका केंद्राचं जेवण जेवतायत असा फोटो रोज वर पाठवावा लागे. टेम्पोतून पातेली यायची. भात गिचका, चपात्या चामड्याच्या, डाळ म्हणजे हळदीचं पाणी, आणि सगळ्याला एक आंबूस वास. बाकीच्या बायका दोन घास खाऊन उरलेलं कुत्र्यांपुढं टाकत. शिवबाईला ते जमत नव्हतं. ताटात पडलं तो शिवाचा प्रसाद, त्याला नाव ठेवायचं नाही, त्यातला कण टाकायचा नाही, हे तिच्या आईनं तिला अक्कलकोटजवळच्या खेड्यात बोबडं बोलायच्या वयात शिकवलं होतं. ती गळ्यातल्या लिंगाला हात लावायची, आंबूस भात गिळायची, ताट बोटानं पुसून घ्यायची. मग त्यात पाणी घालून ताट विसळायचं आणि ते पाणीही पिऊन टाकायचं. दिवसभरात तिच्या पोटात पाणी जाई ते एवढंच.

अभिमन्यू सरांना ही बाई फार आवडायची. "बघा, बघा! शिवबाई मावशी कशा ताट लख्ख करत्यात. नखरे न्हाईत," असं म्हणून ते तिच्या रिकाम्या ताटाचा फोटो घ्यायचे. शिवबाईला ते कसंसंच वाटायचं, पण फोटोला नाही कसं म्हणायचं ते तिला ठाऊक नव्हतं.

त्या दुपारी पहिली पंगत बसली होती. प्रभु वाढपी डाळीचं पातेलं पुढं ठेवून उभा होता. शिवबाईनं लिंगाला हात लावून मान वर केली आणि तिला दिसलं, वरच्या लोखंडी तुळईवरून एक पाल सुटली आणि सरळ पातेल्यात पडली. भीतीनं माणसाच्या तोंडातून आईची भाषा निघते. शिवबाई किंचाळली, "यव्वा! हल्ली! हल्ली बिद्दद!"

घरात कन्नड बोलणाऱ्याला हल्ली म्हणजे पाल आणि बिद्दद म्हणजे पडली, हे सांगावं लागत नाही. पण कन्नड जाणणाऱ्या बायका अजून दाराबाहेर दुसऱ्या पंगतीच्या रांगेत होत्या. प्रभु बार्शीकडचा. त्यानं डाळ ढवळली आणि विचारलं, "हल्ली काय झालं?"

"हल्ली! हल्ली!" शिवबाई पातेल्याकडं बोट दाखवून ओरडली.

अभिमन्यू सर फोटोसाठी फोन सरसावून उभेच होते. ते हसले. "मावशी, हल्ली समदीकडं डाळ पातळच असती की. म्हागाई बघा. जेवा तुमी." पंगतीतल्या चारदोन बायकाही हसल्या.

मराठी शिवबाईला परकी नव्हती. बाजार मराठीत, भांडण मराठीत, कारखाना मराठीत. पण त्या घटकेला 'पाल' हा दोन अक्षरांचा शब्द तिच्या जिभेवरून असा पळाला की सापडेना. ती "ते... भिंतीवरचं... हल्ली..." असं म्हणत राहिली आणि प्रभुची पळी ताटांवरून फिरत राहिली. शेवटी तिनं "पाल! पाल गं बायांनो!" म्हणून हंबरडा फोडला, तेव्हा अपेक्षा नावाच्या पोरीनं दोन घास खाल्ले होते. पुढच्या पळीत पाल आलीच, पांढऱ्या पोटाची, फुगलेली, शेपटी पळीबाहेर लोंबणारी. अपेक्षा तिथंच ओकली. तिचं बघून आणखी दोघी ओकल्या. धुवायला नळाला पाणी नव्हतं, म्हणून वर माती टाकली, आणि त्या वासात बायका संध्याकाळचा अंगठा लागेपर्यंत बसून राहिल्या.

अपेक्षाला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं, पोरगी बचावली. देवाची कृपा म्हणायची. केंद्राची म्हणवत नाही.

सरांना काही वाटलं का? दुसऱ्या दिवशी त्यांनी शिवबाईला केबिनमध्ये बोलावलं आणि दरडावलं, "हल्ली हल्ली काय वरडत हुता? मराठीत सांगाय काय झालं हुतं? तुमच्यामुळं त्या पोरीनं खाल्लं." चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्या अशा. कूलरची गार हवा शिवबाईच्या अंगावर येत होती आणि आतल्या संडासात कुठंतरी नळ ठिबकत होता.

मग सरांचा आवाज मऊ झाला. "हे बघा मावशी, उद्या वरनं मॅडम येनार हायत. कुनीतरी कळवलंय. ती पाल नव्हती, कढीपत्त्याची काडी होती. तुमी सांगितलं की त्यांना पटंल. तुमचं नाव हाय वर."

"माजं कसलं नाव?"

सरांनी फोन पुढं केला. एकामागून एक तिचीच ताटं होती, पुसलेली, विसळलेली, लख्ख. प्रत्येक फोटोखाली लिहिलेलं, 'उत्कृष्ट भोजन, समाधानी प्रशिक्षणार्थी'. शिवबाईला अक्षरं लागत होती. तिनं 'समाधानी' हा शब्द दोनदा वाचला. आदल्या दिवशीची पाल बघून आली नव्हती तेवढी शिसारी तिला आता आली. आईनं शिकवलेला प्रसाद या माणसानं नासक्या डाळीच्या बिलाला लावला होता. इतके दिवस तिनं गिळलं ते देवाच्या नावानं, आणि पुण्य जमा झालं ते याच्या खात्यावर.

"सर्टिफिकेटवर सही माझी असती. ध्यानात ठेवा," असं म्हणून सर उठले. किल्ली वाजली.

घरी तिनं चनबसप्पाला सांगितलं. तो म्हणाला, "काडी म्हन आनि सुट. गनवेशाचं काम गेलं तर खायाचं काय?" त्याचंही खोटं नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. शिवबाईनं भाकरी थापता थापता मनाशी घोकलं. काडी. कढीपत्त्याची काडी.

मॅडम आल्या त्या दिवशी केंद्र ओळखू येत नव्हतं. सकाळीच टँकर येऊन गेला होता. मागच्या संडासाला चुना मारून बाहेर कुंडी ठेवली होती आणि दार बाहेरून तारेनं बांधून टाकलं होतं, बायकांनी पुन्हा घाण करू नये म्हणून. जेवण हॉटेलातून आलं, पनीर आणि जिलबी. मॅडम बाई वाईट नव्हत्या. घामाघूम झालेल्या, घाईत असलेल्या, आणखी कुठं कुठं जायचं असलेल्या. सरांनी त्यांना मधोमध बसवलं आणि शेजारी शिवबाईला. मॅडमनी पहिला घास मोडला आणि कुणीही विचारतं तसं सहज विचारलं, "मग मावशी, जेवणात काय काय असतं हल्ली?"

शिवबाईच्या तोंडात 'काडी' तयार होती. पण 'हल्ली' हा शब्द कानावर पडला आणि तिची जीभ तिच्या ताब्यात राहिली नाही.

"हल्ली व्हय?" ती म्हणाली. "एकच हुती मॅडम. डाळीत."

मागं बसलेल्या कन्नड बायकांतली एक फस्सकन हसली. मग दुसरी हसली, मग ओळच्या ओळ पदरात तोंड घालून हलायला लागली. सर पुढं सरकले. "मॅडम, त्यांना म्हनायचंय की हल्ली—"

"मला म्हनायचं तेच मी म्हनले," शिवबाई म्हणाली.

मॅडमना काही कळेना. तेव्हा अपेक्षा उठून उभी राहिली. चेहरा अजून उतरलेला होता, पण आवाज खणखणीत. "मॅडम, कन्नडमदी पालीला हल्ली म्हनत्यात, मलाबी परवाच कळलं. ती डाळ मी खाल्लीय."

मॅडमनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांनी पनीरकडं बघितलं, मग वर तुळईकडं. तिथं एक बसलीच होती, जाडजूड, शेपूट हलवत. तिला काही टँकरची खबर नव्हती.

"आनि मॅडम," शिवबाई म्हणाली, आता सुटलीच होती ती, "सरांच्या कमरेची ती संडासाची किल्ली तेवढी द्याया सांगा. सकाळपासनं पानी पिले न्हाई मी. हितल्या एकीनंबी पिलं न्हाई."

मॅडमनी हात पुढं केला. सरांनी किल्ली सोडली. त्या दुपारी केबिनपुढं बायकांची रांग लागली, आणि माठ तळापर्यंत रिकामा झाला.

पुढं सगळं गोड झालं असं नाही. केंद्राला कुलूप लागलं आणि बायकांचा आधीचा सगळा अंगठा वाया गेला. दुसऱ्या केंद्रात कोर्स पुन्हा पहिल्यापासून, तीच सुई आणि तेच चाक. ज्या बायका केबिनपुढच्या रांगेत पुढं होत्या, त्याच आता शिवबाईला म्हणत, "तुझ्या हल्लीनं आमचं वाटोळं केलं." चनबसप्पानं दोन दिवस भाकरी भिंतीकडं तोंड करून खाल्ली. गणवेशाच्या कारखान्यानं पहिल्या बायका घेतल्या, त्यात शिवबाई नव्हती. पुढच्या वेळी बघू, म्हणाले. अभिमन्यू सर कुठल्याशा दुसऱ्या केंद्रावर लागले आहेत म्हणे.

नव्या केंद्रात पहिल्या दिवशी शिवबाई आधी मागं जाऊन नळ सोडून आली. पाणी येत होतं. दाराला कडी होती. मग ताट आलं तेव्हा तिनं आधी छताकडं बघितलं, मग लिंगाला हात लावला आणि जेवली. ताट पुसलं, तांब्याभर पाणी घालून विसळलं आणि घटाघटा पिऊन टाकलं. समोरच्या मास्तरणीला कौतुक वाटलं. "किती स्वच्छ हो मावशी!" म्हणून तिनं फोन काढला.

शिवबाईनं पदरानं ताट झाकलं.

"फोटो नगं," ती म्हणाली. "ह्ये देवाचं हाय."