सॅम्पलच्या डब्यातले पापड

मी डब्याचं झाकण उघडलं आणि आत निघाले पोह्याचे पापड. सहा. वाळवलेले, एकावर एक नीट रचलेले.

डबा आमच्याच लॅबचा. त्यावर माझ्या अक्षरात नाव: हिराबाई, वय चौऱ्याहत्तर. आत यायला हवं होतं शौचाचं सॅम्पल. पेणमध्ये लॅब टेक्निशियन म्हणून माझी उमर गेली, पण सॅम्पल बघून तोंडाला पाणी सुटायची ही पहिलीच वेळ.

आपल्या आतड्यात असंख्य जिवाणू राहतात. ते अन्न पचवायला मदत करतात, शिवाय त्यांचे निरोप मेंदूपर्यंत पोचतात. वय वाढलं की ही वस्ती बदलते. विसरभोळेपणाशी तिचा काही संबंध आहे का, हे आमच्या डॉक्टरांना तपासायचं होतं.

डबा हिराबाईंचा मुलगा अनंत घेऊन आला होता. रोह्याला कंपनीत असतो. पापड बघून तो खुर्चीत बसलाच.

"मॅडम, आईचं डोकं आता चालत नाय. रविवारी तिला रोह्याला नेतो. घराला कुलूप."

खाडीकाठचं ते घर सोडायला हिराबाई तयार नव्हत्या; डबा न्यायला लॅबमध्ये आल्या तेव्हा त्यांनीच मला सांगितलं होतं. म्हटलं, कुलूप नंतर, आधी मला तिथे घेऊन चला.

हिराबाई पडवीत पापड लाटत होत्या. मी डबा पुढे ठेवला. "मावशी, हे काय?"

"लोकांचा डबा रिकामा धाडायचा नसतो गो."

"पण यात दुसरं काहीतरी द्यायचं होतं ना?"

त्यांनी मुलाकडे चोरून पाहिलं आणि माझ्या कानाशी आल्या. "येवढ्या चांगल्या डब्यात त्ये कसं घालू? माझा हात धजला नाय. केळीच्या पानात बांधून मागल्या दारी ठेवलंय. तू सातच्या आत सांगितलंवतंस, सातच्या आतच केलंय."

"आणि पापड सहाच का?"

"तुमच्या लॅबात सहा माणसं हायत. त्या दिवशी मोजली ना मी."

अनंत पुढे आला. आईच्या शेजारी बसला आणि लाटलेला पापड उचलून सुपात घालू लागला.

दुसऱ्या डब्यात नवं सॅम्पल मिळालं. जिवाणूंचा रिपोर्ट यायचाय. डॉक्टरांनी स्मरणशक्तीही तपासली: नावं अधूनमधून निसटतात, पण एकटीने घर चालवायला हिराबाई समर्थ आहेत. कुलूप लागलं नाही. अनंत आता सुट्टीला पेणची गाडी पकडतो.

सातची वेळ मी सांगितली होती, पण डबा शेवटी फेकायचाच असतो, हे सांगितलंच नव्हतं. नियमाप्रमाणे मी तो पहिला डबा फेकून दिला. पापडांबद्दल नियम नव्हता, म्हणून सहा जणांनी भाजून खाल्ले. आणि एक शिकले: समोरच्याच्या डोक्यावर शंका घेण्याआधी, आपण त्याला नीट सांगितलं होतं का, ते आठवावं.