ओळीच्या टोकाला

रग्बीत विंगर ओळीच्या पार टोकाला उभी राहते. बॉल सगळ्यांच्या हातांतून फिरत तिच्यापर्यंत यायचा असतो. काल वंदनाताई तशीच उभी होती, तळवे उघडे ठेवून. दर वेळी ती जीव खाऊन धावली आणि दर वेळी तिच्याच संघातल्या कुणीतरी बॉल आधीच दाबून ठेवला.

मॅच संपल्यावर मी विचारलं, "ताई, राग नाही येत?"

"येतो की! सात जणींच्या रग्बीत मैदान तेवढंच, माणसं कमी, म्हणून रान मोकळं, बॉल मिळतोच. तिथंच तर नाव कमावलं, पोट भरलं. आजच्यासारख्या पंधरा जणींत वाट बघावी लागते. पण बॉल आला आणि मीच जागेवर नसले तर?"

शेवटच्या माणसापर्यंत पोचा, असं आम्ही चळवळीतले कार्यकर्ते प्रत्येक पत्रकात छापतो. तिचं हे मैदान पार्किंगला जाऊ नये म्हणून रविवारी आमची सभा आहे. मी तिला बोलायला बोलावलं.

"कधी बोलायचं?"

"पुढाऱ्यांची भाषणं झाली की. वेळ उरला तर."

माझ्याच तोंडून गेलं हे!

"चालेल रे," ती हसली, "सवय आहे."

लाजेनं मान वर होईना. आणि खरं सांगतो, वक्त्यांचा क्रम अजून तोच आहे.