लांब बाह्यांचं पोलकं

भूम गावच्या द्वारकाबाईला भट्टीवर उभी असताना तुम्ही पाहिली असती, तर ही बाई कशाला भीत असेल यावर तुमचा विश्वास बसला नसता. लग्न होऊन आली तेव्हापासून खव्याची भट्टी. नवरा बलभीम सरपण सारायचा आणि ही मोठ्या कढईत उलथनं फिरवत उभी. दूध आटायला लागलं की फटाफट उडतं, आणि उडालेला थेंब कातडीला चिकटून बसतो. त्यामुळं तिचे दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत डागांनी भरलेले. गावात कुणी त्या हातांकडं बघायचंसुद्धा नाही. भट्टीवालीचे हात असेच असायचे, त्यात बघायचं काय?

अन् हीच बाई मुंबईत, बीकेसीतल्या काचेच्या इमारतींपुढं लेकीचा दंड घट्ट धरून उभी होती.

झालं होतं असं. लेक हर्षाली तिथंच नोकरीला. सोबत काम करणाऱ्या सोमेशशी लग्न करायचं तिनं मनात घेतलं होतं. पोरगा गुणाचा, पण आई कॉलेजात शिकवायची, बाप बँकेतून निवृत्त झालेला. सुपारी पुढं भूमला भावकीसमोर फुटायची होती. त्याआधी दोन्ही घरांनी एकदा भेटावं असं ठरलं, आणि जागा मुलीच्या आईनं निवडावी, तेवढा मान त्यांचा, असा सोमेशच्या आईचा निरोप आला. मान दिला की घ्यावाच लागतो, मग तो गळ्याशी का येईना! त्यांना इटालियन जेवण आवडतं, म्हणून हर्षालीनं ऑफिसजवळची तीन हॉटेलं हेरून ठेवली होती. बलभीम आला नाही. रोजचं दूध कुणाच्या दारात ओतणार?

इथवर सगळं ठीक होतं. पण आदल्या दिवशी पिशवी उघडताना हर्षाली म्हणाली, "आई, उद्या ते लांब बाह्यांचं पोलकं घाल हं." सहज म्हणाली की मुद्दाम, देव जाणे. आपल्या हातांपायी पोरीचं लग्न मोडणार, ही भीती तिथून जी द्वारकाबाईच्या मनात शिरली ती हलेचना.

दुपारच्या सुट्टीत हर्षालीनं तिला हॉटेलं दाखवायला नेलं. पहिल्यात चारी बाजूंनी ऊन, पांढऱ्याशुभ्र चादरी. इथं हात लपवायचा कुठं? दुसऱ्यात मधोमध पेटती भट्टी होती, एक पोरगा लांब फळीवरून रोट्या आत सारत होता. द्वारकाबाईचे पाय आपसूक तिकडं वळले. घरचं माणूस भेटावं तसं वाटलं तिला. तेवढ्यात वर बघितलं, तर प्रत्येक टेबलावर दिवा लोंबत होता, बरोबर हातांवर उजेड पाडणारा. ती तशीच माघारी फिरली. तिसरं हॉटेल पायऱ्या उतरून खाली. भर दुपारी अंधार, टेबलावर काचेच्या वाटीत इवलीशी ज्योत.

द्वारकाबाई लगेच म्हणाली, हेच. इथं तर काहीच दिसत नाही, असं हर्षाली म्हणाली. गार हाय, बरं वाटतं, असं सांगून तिनं वेळ मारून नेली. पोरगी चिडली, पण मान आईचा होता.

संध्याकाळी मंडळी जमली. पोलकं लांब बाह्यांचंच होतं, पण हात हलला की बाही वर सरकायची, म्हणून द्वारकाबाईनं हात पदराखाली घेतले ते घेतलेच. जेवायला हात बाहेर काढावे लागतील म्हणून उपास असल्याचं सांगून टाकलं. पोटात कावळे कोकलत होते, समोर भाजलेल्या लसणाचा घमघमाट, आणि ही बाई पाण्याचा घोटसुद्धा घेईना. सोमेशच्या आईला अंधारात मेन्यू वाचता येईना. बापानं खुर्चीला ठेच खाल्ली. द्वारकाबाई आपली मनात देवीचा धावा करत बसलेली.

आणि मग तिला आठवलं. अगं बाई, ओटी! खण, नारळ, कुंकवाचा करंडा, सगळं पिशवीत आणलेलं. पहिल्या भेटीत विहिणीची ओटी भरल्याशिवाय उठायचं कसं? अन् ओटी काय पदराखालून भरतात? हॉटेल निवडताना भीतीनं डोकं असं बधिर झालं होतं की एवढी मोठी गोष्ट ध्यानातून गेली.

ती उठली. करंड्यात बोट बुडवलं, कपाळाच्या अंदाजानं टेकवलं, ते भलतीकडंच, भुवईवर. सोमेशच्या आई हसल्या, "थांबा ताई, उजेड करते," म्हणाल्या आणि त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला. बाही वर सरकली होती. उजेड नेमका हातावर पडला.

हसणं थांबलं. त्या वाकून बघत राहिल्या. मग सावकाश म्हणाल्या, "असाच डाग हर्षालीच्या मनगटावर आहे. ती म्हणाली होती, हॉस्टेलवर कुकरची वाफ लागली."

म्हणजे पोरीनंही लपवलं होतं तर. आणि आता आपल्यामुळं ती खोटी पडणार. व्हय, कुकरचाच तो, असं म्हणायला द्वारकाबाईनं तोंड उघडलं.

त्याआधी हर्षालीनं घड्याळाचा रुंद पट्टा सोडला आणि आपला हात आईच्या हाताशेजारी उजेडात धरला.

"कुकर न्हाय," ती म्हणाली. "म्या खोटं बोलले. भट्टीवरचा हाय. दहावीला होते, आईसंगं खवा हलवत होते."

ऑफिसात आल्यापासून ही बोली तिच्या तोंडून कधी निघाली नव्हती. सोमेश तिच्याकडं बघतच राहिला. आता उठतात आणि जातात, असंच द्वारकाबाईला वाटलं.

सोमेशच्या आईनं रुमालानं भुवई पुसली. टॉर्च तसाच नवऱ्याच्या हातात दिला आणि कपाळ पुढं केलं. "परत लावा. आता दिसतंय ना?"

या खेपेला कुंकू जागेवर लागलं. ओटीही भरून झाली. तरी खाली बसताना द्वारकाबाईचे हात पुन्हा पदराकडं निघाले. हर्षालीनं ते मधेच धरले आणि भरली ताटली आईपुढं सारली.

"आई, तुला उपास न्हाय. जेव."

द्वारकाबाईनं बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि हातानं जेवायला सुरुवात केली.