छतातलं बोंड

दिवाळी आटोपली की पंजाबराव तायडे चुना विरवायला घालत. भातकुलीच्या घरामागे एक लोखंडी ड्रम होता. त्यात कळीचा चुना आणि वरून पाणी. चुना उकळायचा, फसफसायचा, मग निवायचा. निवला तरी लगेच वापरायचा नाही. महिनाभर पाण्याखाली मुरू द्यायचा. घाईचा चुना भिंतीवरून पापुद्र्यानं सुटतो. नाताळाच्या आधी हा चुना अमरावतीच्या जुन्या मिशन आवारातल्या चर्चला लागायचा. मिसरूड फुटलं तेव्हापासून हे काम पंजाबरावांकडे होतं. आता गुडघे बोलत होते, बाकीची रंगकामं सुटली होती. हे एक त्यांनी सोडलं नव्हतं.

यंदाही चुना विरवून झाला आणि मग चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला.

"पंजाबभाऊ, यंदा चुना राहू द्या. आपण आत पीव्हीसीचं सपाट छत बसवून राहिलो. भिंतीला पेंटही तेच लोक मारतील."

"छत कुठून बसवता?"

"कमानी जिथून वळतात ना, तिथून. त्याच्या वरचं सगळं झाकलं जाईल."

फोन पंजाबरावांच्या हातात तसाच राहिला. त्यांची बायको पंचफुलाबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली.

"कोन गेलं जी?"

"कोनी नाई."

"मंग तोंड काहून असं?"

"चर्चचं छत झाकून राहिले."

"घ्या! मले वाटलं सोयऱ्यात कोनी गेलं." शेंगेतला किडका दाणा त्यांनी बाजूला टाकला. "ना देव मानता, ना देवी. अन् दुसऱ्याच्या देवाच्या घराचा तुमाले एवढा घोर!"

"घर देवाचं नाई. ज्यानं बांधलं त्याचं आहे."

हे त्यांचं नेहमीचं उत्तर होतं. पंजाबरावांच्या बापानं बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देवांचे टाक आणि तसबिरी नदीत सोडल्या होत्या. मुलाला त्यानं एकच शिकवलं. जे नाही ते आहे म्हणायचं नाही. पंजाबरावांनी ते इतकं धरलं की विहारातसुद्धा ते कधी काही मागायला बसले नाहीत. चर्चमध्ये प्रार्थना सुरू झाली की कुंचा बादलीत ठेवून ते बाहेर लिंबाखाली येऊन बसायचे. इतक्या वर्षांत तिथल्या बाकावर ते एकदाही टेकले नव्हते.

पण बांबूच्या परांचीवर चढले की त्यांना उतरावंसं वाटायचं नाही. काळ्या दगडाचे खांब सरळ वर जात. वर गेल्यावर प्रत्येक खांबातून दगडी फासळ्या फुटत, वळत, आणि समोरून आलेल्या फासळ्यांना टोकाशी भेटत. फासळ्यांच्या मधली जागा विटांची, चुन्यानं पांढरी. पंजाबरावांचं काम त्या पांढऱ्याचं. काळ्या दगडावर एक थेंब पडू द्यायचा नाही, ही अट त्यांनीच स्वतःला घातली होती. ती पाळायला दुप्पट वेळ लागे. मजुरी तेवढीच.

पंचफुलाबाईंना त्यांनी एकदा कमान समजावून सांगितली होती. दोन्ही हातांची बोटं टोकाला टेकवली आणि म्हणाले, "दाब वरतून."

बाईंनी दाबलं.

"पाह्य, हात फाकले नाई. जोर खाली मनगटात गेला. गोल कमान असती तं बाजूले फाकली असती. म्हनून ह्या कमानीले टोक. म्हनून भिंत बारीक, खिडकी मोठी, अन् आत उजेड."

"चाला," पंचफुलाबाई म्हणाल्या, "या निमित्तानं हात तं जोडले तुमी."

दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांना काम म्हणून हे चर्च बांधलं, असं आवारातले जुने लोक सांगत. नकाशा गोऱ्या पाद्र्यानं काढला, हात इथल्या पाथरवटांचे. पाद्र्याच्या मुलखातल्या मोठ्या कॅथेड्रलचा एक जुना फोटो आतल्या खोलीत टांगलेला होता. तेवढ्या उंचीचं दगडी काम पंजाबरावांनी दुसरं पाहिलं नव्हतं. ते बांधायला किती वर्षं लागली, असं त्यांनी पूर्वीच्या पाळकांना विचारलं होतं. दोनशेच्या वर, असं उत्तर आलं. पंजाबराव दिवसभर तेच घोळवत राहिले. ज्यानं पाया भरला त्याला पक्कं ठाऊक होतं की कळस आपण पाहणार नाही, आपला नातूही पाहणार नाही. तरी त्यानं पाया गुण्यात, नेमक्या काटकोनात भरला. तिरका भरला असता तरी त्याला विचारायला कोण येणार होतं? लोक म्हणत, देवासाठी केलं. पंजाबरावांना ते पटत नसे. देवाला फसवता येतं, रोज फसवतात लोक. ओळंब्याला फसवता येत नाही.

आणि अमरावतीच्या चर्चमध्ये तर पुरावाच होता. फासळ्या जिथे एकत्र येतात तिथला मधला दगड खालून फुलासारखा दिसतो. गुलाब असेल, असं सगळे समजत. परांचीवरून पाहिलं तर तो गुलाब नव्हता. ते कापसाचं फुटलेलं बोंड होतं. चार पाकळ्यांत फुगलेला कापूस, आणि खाली वाळून टोकदार झालेलं टरफल, वेचताना बोटात घुसतं ते. पाद्र्यानं कागदावर गुलाबच काढला असणार. पाथरवटानं गुलाब पाहिला नसेल, किंवा पाहून सोडून दिला असेल. जे रोज हातात होतं ते त्यानं दगडात काढलं, आणि जिथून कोणाला दिसणार नाही तिथपर्यंत पुरं काढलं. पंजाबराव दर वर्षी फडक्यानं त्या बोंडावरची धूळ पुसत.

दुसऱ्या दिवशी ते अमरावतीला गेले. चर्चच्या पायरीवर माणिकबाई उन्हाला बसल्या होत्या. मिशनच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. त्यांना सगळे सिस्टरबाई म्हणत. पंजाबराव पहिल्यांदा परांचीवर चढले तेव्हापासून खालून चहा त्याच आणून देत.

"आला का नास्तिक?"

"आलो, सिस्टरबाई. हे छताचं कोनाच्या डोक्यातून निघालं?"

"माह्या." त्यांनी कानाला हात लावला. "जोरानं बोल. माह्याच डोक्यातून निघालं. पाळकसाहेब एक शब्द बोलतात, वर जाऊन त्याचे चार होतात. समोरच्या पोराईले समजते. आमी म्हाताऱ्या मागं बसून नुसता गोंगाट ऐकतो. मशीन लावलं कानाले, तं गोंगाटच मोठा झाला. किती रविवार उरले माहे? तेवढे तं शब्द ऐकू दे मले."

चर्च घुमतं हे पंजाबरावांनाही माहीत होतं. वरून हाक मारली तर खाली नुसता आवाज पोचायचा, काय मागितलं ते पोचत नसे. ते पाळकसाहेबांकडे गेले. पाळकसाहेब सरळ माणूस होते.

"मलाही बरं वाटत नाही, पंजाबभाऊ. पण माणसं मोठी की दगड?"

"घुमनं दुसऱ्या रीतीनं थांबलं तं?"

"थांबवून दाखवा. छतवाले नाताळाच्या आधी येणार. तोवरचा एक रविवार तुमचा."

रीत पंजाबरावांना अकोल्यात सापडली होती. मुलगी ज्योत्स्ना तिथे दिलेली. तिच्या वस्तीतल्या विहारात फरशी बसवल्यापासून वंदना घुमायला लागली होती. महिला मंडळानं भिंतींना जाड सुती सतरंज्या टांगल्या आणि घुमणं बसलं. पंजाबरावांनी ते स्वतः ऐकलं होतं. ते अकोल्याला गेले.

"बाबा, आपल्या विहाराच्या सतरंज्या चर्चले?" ज्योत्स्ना हसायला लागली. "मंडळातल्या बाया मले नाचवतीन."

"नाचवू दे. झटकून, घडी करून परत आनीन."

बाया हसल्या, पण सतरंज्या दिल्या. एकीनं सांगून पाठवलं, "त्यायच्या देवाले म्हना, हे बुद्धाच्या घरचं पांघरून आहे, नीट वापर." जावयानं गठ्ठे गाडीत घालून आणून सोडले.

टांगायचं काम सोपं नव्हतं. सुती सतरंजी घडीत हलकी वाटते, उंचावर ओढली की अंग मोडते. दगडात खिळा मारायचा नाही, हे पंजाबरावांनी आधीच ठरवलं होतं. खिडक्यांच्या गजांना आणि पंख्यांच्या लोखंडी दांड्यांना दोर बांधले. प्रत्येक सतरंजीच्या वरच्या काठात बांबू घातला, म्हणजे मध्ये झोळ पडणार नाही. चढायचं, बांधायचं, उतरून दुरून पाहायचं, वाकडी असली तर पुन्हा चढायचं. गुडघा चढताना दुखत नसे, उतरताना दुखे. मदतीला आवारातले दोघे होते. ते म्हणाले, "काका, जराशी तिरपी राहिली तं काय होते?" पंजाबरावांनी सोडली आणि पुन्हा बांधली. शनिवारी अंधार पडायच्या आत काम पुरं झालं. पट्ट्यापट्ट्यांच्या सतरंज्या सरळ रेषेत लोंबत होत्या आणि वर कमानी तशाच उघड्या होत्या. काम चांगलं झालं होतं. कामात कुठेही खोट नव्हती.

रविवारी पंजाबराव लिंबाखाली बसले नाहीत. पहिल्यांदाच ते आत थांबले. शेवटच्या बाकामागे भिंतीला लागून उभे राहिले. त्यांच्या पुढ्यात, थोड्या डावीकडे माणिकबाई बसल्या होत्या. लोक आत येताना सतरंज्यांकडे पाहत, हसत. कोणी म्हणालं, "लग्न आहे काय?"

प्रवचन सुरू झालं. पंजाबरावांनी डोळे मिटून कान लावला. पहिलं वाक्य आलं. बरं आलं. पाळकसाहेबांचा आवाज चढला तसं दुसऱ्या वाक्याचं शेपूट तिसऱ्याच्या डोक्यावर बसलं. मग सगळं वर गेलं, सतरंज्यांच्याही वर, फासळ्याफासळ्यांमधून फिरलं आणि विरघळून खाली आलं. विहाराचं छत हाताला लागेल एवढं होतं. इथे घुमत होती ती भिंत नव्हती. घुमत होतं ते छत. जे पाहायला ते जन्मभर चढले, तेच या बाईचा शब्द खात होतं. ते थांबवायचं तर तेच झाकायला हवं होतं. दुसरी रीत नव्हती.

त्यांनी डोळे उघडले. माणिकबाईंचा हात कानामागे होता. थोड्या वेळानं तो खाली मांडीवर आला आणि पदराचा काठ चिवडायला लागला. पुढच्या बाकांवर कशाला तरी हशा पिकला. माणिकबाईंनी डावीकडे पाहिलं, शेजारीण हसते आहे हे बघितलं, आणि मग त्या हसल्या.

उपासना संपली. पाळकसाहेब मागे आले. लोक भोवती जमले.

"सिस्टरबाई, तुम्हीच सांगा. आलं ऐकू?"

माणिकबाईंनी पंजाबरावांकडे पाहिलं. त्यांच्या हाताला सुंभाचे वळ उठले होते.

"आलं, आलं," त्या म्हणाल्या. "साफ आलं. कशाले लागते ते प्लॅस्टिकचं छत? राहू द्या."

पाळकसाहेबांच्या चेहऱ्यावरून ओझं उतरल्यासारखं झालं. "बरं झालं. मग छतवाल्यांना नको म्हणून कळवतो."

पंजाबरावांनी नुसतं गप्प राहायचं होतं. त्यांनी वर पाहिलं. बोंड तिथे होतं, खालून गुलाबासारखं.

"पाळकसाहेब, मले नाई आलं ऐकू," ते म्हणाले. "अन् त्यायलेही नाई आलं."

"तुले काय माहीत, माहे कान आहेत काय तुह्याजवळ?" माणिकबाई तडकल्या.

"मंग सांगा, लोक कशावर हसले?"

माणिकबाईंचं तोंड उघडलं आणि मिटलं.

"मी तुह्यासाठी बोलली होती, गाढवा," त्या हळू म्हणाल्या.

"माहीत आहे, सिस्टरबाई."

सोमवारी पंजाबरावांनी सतरंज्या उतरवल्या, झटकल्या, घड्या घातल्या. पंख्यांच्या दांड्यांना गंज होता, त्याचे डाग दोन सतरंज्यांना लागले होते. ते त्यांनी लिंबू चोळून काढले. छतवाले आले होते. सांगाडा टांगायला दगडात भोकं पाडावी लागणार होती. पंजाबराव त्यांना म्हणाले, दगडात नको, सांध्यात पाडा. सांध्यात टिकत नाही, असं म्हणून त्यांच्यातल्या मिस्त्रीनं तिथे एक पाडून दाखवलं. जुना चुना भुसा होऊन खाली आला, बोल्ट धरेना. मिस्त्रीचं बरोबर होतं. ड्रिल फासळीला लागलं तेव्हा पंजाबराव गठ्ठे घेऊन अकोल्याच्या गाडीत बसले होते.

नाताळाला पाळकसाहेबांनी त्यांना जेवायला बोलावलं. छत पांढरं, चकचकीत, गोल दिव्यांचं होतं. नव्या दवाखान्यात असतं तसं. माणिकबाई दारातच भेटल्या.

"शब्दन् शब्द येतो रे, पंजाब," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "मांगून बसून शब्दन् शब्द."

"बरं झालं," पंजाबराव म्हणाले. त्यांनी ते खरंच म्हटलं. जेवले आणि शेवटच्या गाडीची वाट न पाहता लवकर निघाले. त्यानंतर ते अमरावतीला गेले की मिशनच्या रस्त्यानं जात नसत. थोडा फेर पडायचा, पण तो रस्ता त्यांनी टाळला. पाळकसाहेबांनी एकदा कंपाऊंडच्या भिंतीला रंग द्यायला बोलावलं. गुडघा दुखतो, असं त्यांनी सांगितलं. ते खोटं नव्हतं.

घरामागे ड्रममध्ये चुना तसाच होता. वर पाणी उभं असलं की चुना वर्षानुवर्षं टिकतो, उलट सुधारतो. पाणी हटलं की तो घट्ट होतो, आणि मग उपयोगाचा राहत नाही. पौषभर पंजाबराव सवयीनं ड्रममध्ये तांब्याभर पाणी ओतत राहिले. माघात त्यांनी ते सोडलं. चुन्याला वरून बारीक भेगा पडल्या, मग भेगा रुंदावल्या. उन्हाळा लागला तेव्हा पंचफुलाबाई ड्रम रिकामा करायला गेल्या. त्यांनी खुरपं मारलं. ते टणकन वाजून उडालं.

"अवो, ह्याचा तं दगड झाला!" त्या ओरडल्या. "आता हा काहाडाचा कसा?"

पंजाबराव ओट्यावर बसले होते. ते उठले नाहीत.

"राहू दे," ते म्हणाले.