एका टावरची दोन मापं

माझं शिक्षण किती, आसं कोणी इचारलं की मी सांगतो, शाळेच्या भिंतीला चुना मी लावलाय, आतून बी आन् बाहेरून बी. त्याच्यापुढं शाळेचा आन् माझा संबंध न्हाई. गाडी तेवढी चालवता येती. ती बी आशी, की मी रिव्हर्स घ्याया लागलो की बाया लेकरं उचलून घरात नेतात.

युसूफ वडगावच्या स्टँडवर माझी जीप उभी असती. यंदा दसऱ्याच्या आधी फोन आला, मांजरसुंब्याला दोन माणसं उतरलीत, घेऊन ये. गेलो. एक साहेब, एक मॅडम. दोघं मोबाईलवाले, पण एका कंपनीचे न्हाईत. आमच्याकडं टावर एक आन् त्याच्यावर धंदा दोन कंपन्यांचा. एका विहिरीवर दोन मोटरी. साहेब एका मोटरीचा, मॅडम दुसरीची. काम काय, तर सगळ्या टापूत रेंज मोजायची. जिथं खराब, ती वस्ती यादीत. यादीत आलं की तिथं छोटा टावर बसणार. पण कागद एकच, आन् त्याच्यावर सही दोघांची पायजे.

यादी म्हनल्याबरुबर माझं स्टेरिंगवर ध्यान राहिना. त्याचं कारण माझी बहीण.

तिची वस्ती वडगावपासून दोन कोसावर, नाल्याच्या पल्याड, खोलगटात. नवरा-बायको दर साली ऊस तोडाया कर्नाटकात जातात. पोरगी सहावीत हाय, ती आजीपाशी ऱ्हाती, शाळा शिकती. रोज सांजच्याला आजी आन् आई फोनवर बोलत्यात. म्हंजे फोन जेवढं बोलू देतो तेवढं. गेल्या साली आजीनं सांगितलं, पोरीला ताप आलता, उतरला. फोननं पोचवलं फक्त 'पोरीला ताप'. पुढचं खोलगटात राहिलं. बहीण तिकडून तीन गाड्या बदलत, रडत आली. आली तर पोरगी म्हशीच्या पाठीवर बसून चिंचा खातीय.

तवा बहीण मला म्हनली, "दादा, पुढल्या साली मी पोरगी संगंच नेते. शाळा गेली तर गेली. आर्धा निरोप ऐकून माझ्या हातातला कोयता चालत न्हाई."

नेली म्हंजे झालं. उसाच्या फडावर गेलेलं पोरगं परत दप्तर उचलतंय आसं मी तरी जास्त बघितलं न्हाई.

मंग काय, साहेब-मॅडमला केजच्या लॉजवर सोडलं आन् गाडी नाल्याशी लावून मी सरळ वस्तीवर. जाऊन छाती काढून सांगितलं, "मशीन माझ्याच गाडीत हाय. पयलं नाव आपल्या वस्तीचं!" बहिणीनं चहात साखर जास्त टाकली. सासू, तिला मी मावशी म्हनतो, ती म्हनली, "गाडी तरी नीट चालव बाबा."

दुसऱ्या दिशी साहेबानं टपावर, गाडी कुटं हाय ते मशीनला सांगणारा, लोहचुंबकाचा एक गोळा चिकटवला, पुढं काचेपाशी तीन फोन बसवले, शेजारच्या सीटवर लॅपटॉप ठिवला. म्हनला, "आम्हाला दोन दिवस मीटिंगा आहेत. तुम्ही फक्त ह्या रस्त्यांवरून फिरून या. मशीन आपोआप मोजतं. कशालाही हात लावायचा नाही, आणि बंद तर अजिबात करायचं नाही."

"न्हाई लावत," म्हनलो. आन् खरंच न्हाई लावला. आयुष्यात एकदाच मी सांगितलेलं ऐकलं, तेच अंगावर आलं.

त्या फोनातून एक बाई सारखी इंग्रजीत बोलायची. तेच तेच वाक्य. बोलणं नीट पोचतंय का ते मशीन बघायचं म्हणे. मला काय माहीत! मी दोनदा म्हनलं, "बाई, आमाला इंग्रजी येत न्हाई, साहेबाशी बोला." तिसऱ्यांदा ती बोलली तवा मला वाटलं राग आला तिला, मंग मी गप बसलो.

दोन्ही दिस ऊन लई. दुपारी भाकरी खाल्ली की माझी मान स्टेरिंगवर पडती. आमच्या टावरच्या कुंपणाला लागून एक लिंब हाय, त्याच्या सावलीला गाडी लावायची माझी जुनी सवय. शेजारी चाचाचं हॉटेल. दोन चहा, भजे, आन् मंग गाडीतच आडवा. मशीन चालू. बाई बोलतीय. मी घोरतोय. पयल्या दिशी चाचा हाक मारून गेला, "उठ बे, दुकान बंद करायचा टाइम झाला." मी म्हनलं, चाचा, ड्युटीवर हाय मी.

तिसऱ्या दिशी साहेब आन् मॅडम चाचाच्याच हॉटेलात बसले, समोर लॅपटॉप. मी फडकं घेऊन गाडीची काच पुसत व्हतो, म्हंजे कान तिकडं ठिवून.

साहेब म्हनला, "सगळा टापू पास. बघा, हिरवंच हिरवं."

मॅडम म्हनली, "माझ्या हिशोबानं निम्मा टापू नापास आहे."

मशीन एक, गाडी एक, डायवर एक. आन् उत्तरं दोन. तासभर दोघं भांडले, पण सभ्य माणसं, एकमेकाला 'बरोबर आहे तुमचं' म्हनून भांडत व्हती. मला जेवढं उमगलं ते आसं. साहेबाच्या कंपनीची रीत म्हंजे मशीन दर सेकंदाला एक ठिपका टाकतं, सगळ्या ठिपक्यात चांगले किती ते बघायचं. मॅडमच्या कंपनीची रीत म्हंजे नकाशाचे चौकोन पाडायचे, वावराचे वाफे पाडतात तसे. एका चौकोनात तुमी तास काढा का भुर्रकन जा, त्याला मत एकच.

मी आपला पंगतीत हिशोब बसवला. साहेब मोजतो पुऱ्या किती गेल्या. मॅडम मोजती माणसं किती जेवली. एकट्या माझ्यासारख्यानं पन्नास पुऱ्या हाणल्या तर साहेब लिहिणार, पंगत झकास झाली. आन् बाकीचे उपाशी.

एवढं मनात आलं आन् तेवढ्यात मॅडमनं पडद्यावर बोट ठिवलं. "हे काय आहे? एकाच जागी हिरव्या ठिपक्यांचा ढीग. दोन्ही दिवस. भर दुपारी."

माझ्या हातातलं फडकं थांबलं. तो ढीग मला वळखू आला. मी त्याच्यात झोपलेलो व्हतो.

खरं तर तितंच बोलायचं. पण न्हाई बोललो. वाटलं, साहेब हाकलून देईल. त्याच्यापेक्षा जास्त वाटलं ते हे की वस्तीला छाती काढून सांगून आलो आन् वस्तीचा घात माझ्याच घोरण्यानं झाला, हे कोणत्या तोंडानं सांगू. घरी गेलो. बसलो की उठू वाटायचं, उठलो की कुटं जाऊ कळंना. बायको म्हनली, "पोटात दुखतंय का?" हा म्हनलो. तिनं ओवा दिला. खाल्ला. पुन्यांदा दुखतंय का म्हनली, पुन्यांदा ओवा. सकाळपातुर मी घरातला सगळा ओवा संपवला पण जी कळ व्हती ती काय ओव्याची नव्हती.

सकाळी स्टँडवर बहीण दिसली. बाजाराला आलती. पोरीसाठी चादर घेत व्हती, जाडी. मी इचारलं, एवढी जाड कावून? ती म्हनली, "फडावर थंडी लई असती." आन् दुकानदाराकडं वळली.

मी तितून पळतच चाचाच्या हॉटेलात. साहेब पोहे खात व्हता. मॅडम लॅपटॉपवर.

"साहेब, तो ढीग रेंजचा न्हाई. तो माझा हाय."

"म्हणजे?"

"चहा पिला. मंग भजे खाल्ले. मंग झोपलो. टावरखाली. तुमी म्हनले मशीन बंद करू नको, तर न्हाई केलं."

चाचा भट्टीवरून वरडला, "घोरत बी व्हता साहेब, मैं गवाह हूँ."

साहेबाचा चमचा हवेत. मॅडम हसाया लागली ती थांबंना. मला वाटलं आता गाडीची चावी मागतात. पण साहेब चिडला तो माझ्यावर न्हाई. त्यानं पडद्यावरचा तो ढीग मोठा करून बघितला. मंग म्हनला, "म्हणजे एक माणूस झोपला तर आमचा अख्खा टापू पास होतो."

"तेच सांगते आहे मी कालपासून," मॅडम म्हनली.

आता ती जिंकली आसं वाटलं, म्हनून मी हळूच इचारलं, "मॅडम, मंग तुमच्या कागदात आमची वस्ती नापास ना? यादीत ना?"

तिनं वस्ती शोधली. शोधत राहिली. नाल्याच्या पल्याड पडदा कोरा. हिरवा न्हाई, तांबडा न्हाई. गाडी नाल्यातून जात न्हाई, म्हनून मशीन घेऊन मी तिकडं गेलोच नव्हतो. जिथं ठिपका न्हाई तो चौकोन त्यांची रीत धरतच न्हाई. म्हंजे साहेबाच्या कागदात वस्ती पास, आन् मॅडमच्या कागदात वस्तीच न्हाई.

मॅडमचं हसू गेलं. दोघं एकमेकाकडं बघाया लागले, पयल्यांदाच भांडल्याबिगर. त्या दिशी दुपारपातुर बसून त्यांनी एक रीत ठरवली. गाडी उभी असली की त्या वेळचे ठिपके धरायचे न्हाईत. चौकोन पाडायचे, पण जिथं घर हाय तो चौकोन कोरा सोडायचा न्हाई. रस्ता नसंल तर चालत जाऊन मोजायचं, घराच्या आत बी.

"चालणार कोण?" साहेब म्हनला. दोघांनी मिळून माझ्याकडं बघितलं. ह्या बाबतीत दोन्ही कंपन्यांचं लगेच जमलं.

दुसऱ्या दिशी गळ्यात फोन, पाठीवर मशीन, चुंबकाचा गोळा टोपीवर बांधून मी वस्तीवर घर घर फिरत व्हतो, मागं साहेब आन् मॅडम. पोलिओवाला आला समजून एका बाईनं लेकरू पुढं केलं. म्हातारे म्हनायचे, "काय बे, पयलं नाव कुटं गेलं वस्तीचं?" मी सगळ्यांना खरं सांगितलं. झोपलो व्हतो म्हनून. आता लपवून काय उपेग, चाचानं तोवर केजपातुर पोचवलं व्हतं.

मावशीच्या घरात मी फोन कानाला लावला तर रेंजचा आकडा लई वाईट आला. मी खूश. तर साहेब म्हनला, "हे धरता येणार नाही. फोन यांनी कानाशी धरलाय, डोक्यानं सिग्नल अडतो. आमच्या नियमात फोन छातीसमोर, मोकळा धरतात." छातीसमोर धरला. तर आकडा सुधरला आन् वस्ती पास व्हायला आली! मॅडम म्हनली, "आमच्या नियमात कानाशीच." झालं, मिटलेलं भांडण दारात परत उभं.

मावशी चुलीपाशी बसून बघत व्हती. म्हनली, "साहेब, एक इचारू का? तुमी तुमच्या आईशी बोलता, तवा फोन कुटं धरता? छातीला?"

साहेबानं हातातल्या फोनाकडं बघितलं. मावशी भाकरी थापत राहिली.

"कानाला," साहेब म्हनला. आन् मॅडमला म्हनला, "कानाशीच धरू. घराच्या आत कानाशी, लिहून टाका." तितंच उंबऱ्यावर बसून त्यांनी लिहिलं, आन् दोघांनी सही केली.

वस्ती यादीत आली. पण टावर? साहेबाला इचारलं तर म्हनला, "माझ्या हातात यादीपर्यंतच आहे." कधी बसंल ते त्याला बी माहीत न्हाई. आन् ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक तर नाल्याअलीकडं यायला टेकला व्हता.

जाताना मॅडमनं मला एक गोष्ट दाखवली. वस्तीच्या सगळ्या तांबड्यात एक चौकोन हिरवा व्हता. मी जाऊन जागा बघितली. गोठ्यामागचा उकिरडा. वस्तीत उंच तेवढाच.

ट्रकपाशी बहिणीला सांगितलं. जाड चादर तिच्या बोचक्यात बांधलेली व्हती. ती म्हनली, "यादीत आलं म्हंजे टावर आला का?"

"न्हाई."

"मंग माझ्या लेकीनं उकिरड्यावर उभं ऱ्हायाचं?"

"मी फळी टाकतो तिथं. रोज सांजच्याला मी सोता येतो."

तिनं पोरीकडं बघितलं. पोरगी दप्तर घालूनच उभी व्हती, रविवार असून. बहीण बोचकं सोडाया लागली, चादर काढली आन् पोरीच्या हातात दिली. मंग मला म्हनली, "आठ दिस बघते. एक जरी निरोप आर्धा आला, तर नवव्या दिशी पोरीला न्यायला येते. मंग मला आडवू नको, दादा."

आज सहावा दिस. परवा फोन मधीच तुटला. पण पोरगी माझ्यासारखी न्हाई. ती फोन उचलल्याबरुबर आधी एका दमात सांगून टाकती, 'मी बरी हाय, आजी बरी हाय, शाळेत गेलते'. बाकीचं मंग. त्याच्यामुळं ते आर्ध्यात धरलं न्हाई बहिणीनं. पण म्हनली, "हे आपलं नशीब, दादा, रेंज न्हाई."

आज सकाळपासून गावातली लाईट तीनदा गेली. लाईट गेली की टावर बॅटरीवर चालतो, बॅटरी उतरली की जनरेटरवर, आन् तो किती तग धरतो ते कोणाला सांगता येत न्हाई. एक सवारी घेऊन केजला जायाचं व्हतं, तिला दुसऱ्या जीपमधी बसवलं. कुंपणाला कान लावून बघून आलो. आतला जनरेटर चालू हाय. चालू व्हता, आत्ताच. जाऊन परत बघतो.