भावकी नाइटक्लब बघायला येते

नाइटक्लबात नोकरी धरावी की नाही, हे मी फक्त आईला विचारलं होतं. आईला विचारलं म्हणजे भावकीला विचारलं, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

मी पडेगावला खोली करून फार्मसी शिकत होतो. शहरातल्या एका हॉटेलात नवा नाइटक्लब निघाला होता आणि शनिवार-रविवार दारावर उभं राहायला त्यांना माणूस हवा होता. काळा कोट, कानात वायर, आणि अख्खा वर्ग माझ्या परवानगीनं आत! (एरवी वर्गात मला फळा पुसायचीही परवानगी नव्हती.) पण मागचे दोन विषय राहिले होते. ते पुन्हा गेले असते तर वर्षच गेलं असतं. म्हणून विचारलं.

दुसऱ्या मिनिटाला फर्दापूरहून थोरल्या चुलत्यांचा, नानांचा फोन. "नाचगाण्याचं ठिकाण? आपल्या घराण्यात? नाय म्हंजे नाय! उद्या बघायला येतो."

"नाय म्हणायचंय, तर बघायला कामून येता नाना?"

"न बघता नाय म्हणायला आपुन काय अडाणी हाय का रं?"

आमच्या भावकीला निर्णय घ्यायची एकच रीत येते. मुलगी द्यायची असो की म्हैस घ्यायची, जीप भरून जायचं आणि ठिकाण बघायचं. भर दुपारी हॉटेलसमोर जीप थांबली आणि पांढरे फेटे उतरतच राहिले! स्थळाकडं रिकाम्या हातानं जात नाहीत म्हणून वाटेत गुलमंडीवरून पेढेही घेतले होते.

आत ट्यूबलाइट लावून फरशी पुसणं चालू होतं. मॅनेजर घाबरून धावत आला. "क्या हुआ चच्चा? कुछ लफडा?"

"लफडा नाय," नाना म्हणाले, "पोरगं द्यायचंय. घर बघायला आलो."

मग चौकशी सुरू झाली. "बोरला पानी उन्हाळ्यात टिकतं का?" "मालक कुन्या गावचे?" "भाऊ-भाऊ किती? वाटण्या झाल्या का?" मॅनेजर घाम पुसत उत्तरं देत होता. एका चुलत्यांनी खांबावर टिचकी मारून पाहिली. दुसरे डान्स फ्लोअरवर फेरी मारून आले आणि म्हणाले, "जागा लई झाक हाय. खळं व्हईल इथं!"

"ठिकाण पसंत हाय," नानांनी शेवटी जाहीर केलं. "आता तुमी पोरगं बघा."

मॅनेजरनं मला दारात उभं केलं. "समझो ये चच्चा घुस रहे. रोको."

नाना चालत आले. मी म्हणालो, "नाना, जरा थांबता का?"

"सरक!"

मी सरकलो. (काय करणार? वीस वर्षांची सवय!)

मॅनेजर माझ्याकडं बघतच राहिला. मग त्यानं नानांना दारात उभं केलं. तेवढ्यात हॉटेलच्या चादरी घेऊन धोबी आला. नानांनी नुसती मिशी चाचपली, तसा तो गठ्ठ्यासकट माघारी वळला. मॅनेजरचे डोळे चमकले. "चच्चा, ये लडका नक्को. तुम आते क्या?"

आता नाना घराण्याची अब्रू पुढं करून मॅनेजरला झापणार, म्हणून मी खूश झालो.

"शनवार-रविवारच ना?" नाना म्हणाले. "मग काय हरकत हाय!"

भावकीनं माना डोलावल्या आणि पेढ्यांचा पुडा फोडला. पोरगा दारात उभा राहिला तर घराण्याची अब्रू जाते आणि थोरला उभा राहिला तर तीच वाढते, हे मला त्या दिवशी कळलं. माझी नोकरी चुलत्यांनी नेली, त्याची लाज वाटली ती वेगळीच.

पुढं दर शनिवारी नाना माझ्याच खोलीत कोट चढवायचे. वर्गातली पोरं "नाना, नाना" करत आत जायची. एकदा मीही नवा शर्ट घालून रांगेत लागलो. नानांनी हात आडवा केला.

"नाना, मी हाय!"

"वळखलं, म्हनूनच आडवलं. राह्यलेले विषय निघाले का?"

"नाय."

"मग व्हय मागं!"

मागची रांग खदाखदा हसली. त्या रागात मी असा अभ्यास केला की सगळे विषय निघाले. आज माझं मेडिकलचं दुकान आहे आणि गावात नाव काढलं की लोक म्हणतात, पोरगं जिद्दीनं शिकलं. कसली जिद्द? मला नुसतं आत जाऊन नाचायचं होतं, आणि निकाल लागला त्याच आठवड्यात क्लब बंद पडला!