वैद्यांचा काढा, हकिमांचा अर्क

बाई आमच्या दारात उतरली ती कापसाच्या गाडीवरून. बाई म्हणजे माझी थोरली बहीण, भातकुलीकडे दिलेली. सातासमुद्रापार कुठे लढाई पेटली होती म्हणे, आणि त्यापायी आमच्या वऱ्हाडात कापसाला कधी नव्हे असा भाव आला होता. भाऊजींची गाडी सदा खामगावच्या वाटेवर. बाईचे डोळे पिवळे पडले तेव्हा ते म्हणाले, "एवढी खेप होऊ दे." अशा तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला वाटेत अकोला लागतं म्हणून त्यांनी तिला जुन्या शहरात आमच्याकडे आणून सोडलं आणि घोटभर पाणी पिऊन पुढे निघून गेले.

तिचे पाय खांबासारखे सुजले होते. पोटही फुगलेलं.

माय आधीच गेलेली, घरात मी आणि बाबा. गल्लीतल्या वैद्यांनी नाडी पाहिली. म्हणाले, "यकृत बिघडलं हाय, अन् लघवीबी तुंबून राहिली. एका औषधानं भागत नाही." त्यांनी काढ्यासाठी भुईआवळा, पुनर्नवा आणि सराटे एकत्र कुटून दिले. कुटकी तेवढी वेगळ्या पुडीत दिली, चिमटीनं घालायला. "हिनं पोट ढळते, पोरी. सांगितल्यापरीस जास्त देजो नको."

चार दिवसांत डोळे जरा निवळले, सूज मात्र हलेना. मला धीर निघेना. बाबांना न सांगता मी मोर्णा नदीपलीकडच्या हकिमांकडे गेले. त्यांनी जिगर आणि गुर्द्यांसाठी, म्हणजे यकृत आणि मूत्रपिंडांसाठी, कासनीचा अर्क दिला आणि विचारलं, "और कोई दवा चालू है, बेटी?"

"नाही," मी म्हणाले. खरं सांगितलं तर परत पाठवतील, असं वाटलं.

सकाळी काढा, सांजेला अर्क. वर कुटकीही मी थोडी वाढवली.

बाई तोंड फिरवून म्हणाली, "काय देऊन राहिली तू मले? येगळाच वास येते."

"तेच हाय. पे गुमान."

तिसऱ्या दिवशी तिला जुलाब लागले. हातपाय गार पडले. घाबरून मी वैद्यांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. स्वतः नदी ओलांडून हकिमांना घेऊन आले. दोघं बाईच्या उशाशी बसून, बाबांच्या कानावर जाणार नाही अशा हळू आवाजात बोलले, दोन्ही औषधं बंद केली, नुसती पेज द्यायला सांगितली. दोन दिवसांनी दुपारी बाई गेली.

अंगणात मी वैद्यांना गाठलं. "माह्यामुळं झालं का?"

ते हातावर पाणी घेत होते. "दोन महिने आधी आणली असती तर..." एवढंच म्हणाले. हकिमांनी जोडे पायात घातले.

तेरावं भाऊजींनी आमच्याच दारी केलं, माणसं जमली. बाबा येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "धाकटीनं बहिणीचं लय केलं. डोळ्याले डोळा लावला नाही पोरीनं." मी पंगतीत वाढत होते. बाबांचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता.